काचेच्या चकत्या आणि नवश्याचा डोळा

१९७९ साल होतं आणि मला एकोणिसावं लागलं होतं. त्या वर्षी माझ्या हातात काचेच्या तीन चकत्या आल्या, आणि ज्या गावात जन्मलो ते गाव आपण अजून पाहिलेलंच नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. हे वाक्य लिहिताना मला माझंच हसू येतंय, कारण शाळा मी चौथीत सोडली आणि अशी वाक्यं लिहिणाऱ्या माणसांचा जन्मभर राग केला. पण लिहिलं ते खरं आहे, म्हणून खोडत नाही.

आदिलाबादला बसस्टँडच्या मागं राजन्नाचा फोटो स्टुडिओ होता, तिथं मी कामाला होतो. झाडू मारायचा, मागचा डोंगराचा पडदा काढून बंगल्याचा लावायचा, नवरानवरीच्या तोंडाला पावडर पुसायची आणि अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसायचं. राजन्ना तेलुगू माणूस. माझ्याशी तो अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू बोलायचा आणि शिव्या मात्र मराठीत द्यायचा, त्या त्याला फार गोड लागत. त्याच्याकडं लोक जुने फोटो घेऊन येत. बोटाच्या पेराएवढे, कडा वाळवीनं खाल्लेले. आमच्या आजोबांचा एवढाच आहे, मोठा करून द्या म्हणत. आता कॅमेरा हातभर लांबून नीट पाहतो, पण त्याहून जवळ नेला की त्याला सगळं धुरकट दिसतं. जवळून पाहणारी खरी लेन्स घ्यायची राजन्नाची ऐपत नव्हती, आणि तिचं नाव घ्यायचीही माझी नव्हती. म्हणून त्यानं हैदराबादला रस्त्यावर जुनं सामान मांडून बसतात त्यांच्याकडून स्वस्तातले क्लोजअप फिल्टर आणले होते. फिल्टर म्हणजे काय, तर चष्म्याच्या भिंगासारख्या तीन चकत्या, एक पातळ, एक मधली, एक जाड, प्रत्येकीला बारीक आट्याची कडी. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या. तिन्ही एकीवर एक चढवल्या की तो जड रशियन कॅमेरा एखाद्या चिकित्सक म्हाताऱ्यासारखा वस्तूच्या अगदी तोंडाशी जाऊन पाहू लागे. राजन्ना त्यांना बांगड्या म्हणायचा. "एमि रा किसन, बांगड्या भरून आण कॅमेऱ्याला," म्हणायचा. एमि रा म्हणजे काय रे.

जुने फोटो काढून झाले की मी त्या चकत्या डोळ्याला लावून बसत असे. सुट्टीला गावी निघालो की राजन्नाच्या हातापाया पडून कॅमेराही मागून आणायचा. त्यात कुणाच्या तरी लग्नाच्या रोलाचं उरलेलं शेपूट असायचं. आमचं गाव जैनथच्या अंगाला, पैनगंगेच्या काठावर. घराच्या मागं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पलीकडं ज्वारी. सकाळी दव असताना मी बांधावर पोटावर पडायचो आणि कॅमेरा ज्वारीच्या पानाशी न्यायचो. या चकत्या लावल्यावर रिंग फिरवून काही उपयोग नसतो. आपणच श्वास धरून तीळभर पुढं झुकायचं, तीळभर मागं यायचं, मग कधीतरी त्या धुक्यातून एक थेंब वर येतो. वर येतो म्हणजे खरंच वर येतो, विहिरीतून घागर यावी तसा. त्या थेंबात आमच्या दारचा निंब उलटा लटकलेला असे, आणि त्याच्या खाली आभाळ. कपाशीच्या पात्याच्या बुडाशी मुंगी काहीतरी गोड चाटत असे आणि तिच्या पाठीवर ऊन असं बसलेलं, की तिला ते ओझं वाटत असेल. मधोमध सुईच्या टोकाएवढं स्पष्ट आणि कडेला सगळं विरघळलेलं. चांगल्या लेन्सवाले याला दोष म्हणतात. स्वस्त काच आहे, कडा धरत नाही, म्हणतात. म्हणोत. झोपेतून डोळे उघडता उघडता जे दिसतं ते असंच दिसतं, आणि मला तरी तेवढ्या वेळात दिसलेलं दिवसभरात पुन्हा दिसत नाही. आता माझी नात मोबाइल मुंगीच्या नाकाशी नेते आणि मुंगीचे केसही मोजता येतील असा फोटो काढते. मी म्हणालो, छान आहे, पण ही मुंगी जागी आहे, माझी मुंगी स्वप्नात होती. ती म्हणाली, आजोबा, तुमचं काहीतरीच.

माझं ते पोटावर पडणं घरी कुणाला आवडायचं नाही. माय चुलीपाशी भाकरी थापत असायची. तिच्या बांगड्यांचा आणि थापण्याचा आवाज एकात एक मिसळून बांधापर्यंत यायचा, आणि तो थांबला की समजायचं, भाकर तव्यावर पडली, आता हाक येईल. अंबाडीची भाजी, त्यावर कच्चं तेल, कांदा आणि लाल मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात टिनावर पाऊस वाजायचा आणि गोठा घराला लागूनच, त्यामुळं आम्ही जेवत असताना बैलही पलीकडं कडबा खात असायचे, त्यांच्या गळ्यातल्या घाटी हळूहळू वाजायच्या. बा जेवताना बोलत नसे, पण मधेच हात थांबवून त्या घाटी ऐकायचा. नवश्याची घाटी थोडी फुटकी होती. ती वाजली नाही तर तो हातातला घास खाली ठेवून उठून पाहून यायचा.

बा हट्टी माणूस. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात, त्यांनी बाला पाहिलेलं नाही. त्यानं जन्मात फोटो काढू दिला नाही. आमच्याकडं तेव्हा भिंतीवर फोटो लागायचा तो गेलेल्या माणसाचा, हार घालून. माय दर जत्रेत म्हणायची, "अवो, एक जोडीचा फोटो काढू न. पोरगा फोटूवाला झाला आता." बा म्हणायचा, "मी काय मेलो का, भिंतीवर लटकायले?" मी कॅमेरा त्याच्याकडं वळवला की तो पाठ करायचा. माझ्याकडं त्याच्या पाठीचे दोन फोटो होते. मायनं ते पाहिले आणि म्हणाली, "पाठ तर मी रोजच पायते."

तर त्या वर्षी पोळ्याच्या आधी मी घरी आलो तेव्हा नवश्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. डवरणीच्या वेळी, पिकाच्या ओळींत डवरा फिरवताना, बांधावरच्या बाभळीची फांदी सपकन लागली होती. आता डोळा उघडत होता, पण बुबुळावर पांढरं आलं होतं. आमच्याकडं त्याला फूल पडलं म्हणतात. नवश्या आमच्या जोडीतला, हौश्याचा जोडीदार. माय त्याला नवसाचा म्हणायची, कारण त्याच्या वेळी गाय विताना अडली होती आणि तिनं नवस बोलला होता. आदिलाबादच्या गुरांच्या डाक्टरांना निरोप पाठवला तर उत्तर आलं, पोळा झाल्यावर येतो.

पण पोळा झाल्यावर उशीर होणार होता, आणि का, ते सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. हळद आणि तूप घेऊन खांदे मळायचे, जुवानं घट्टे पडलेले असतात ते मऊ करायचे, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. हे सगळीकडं आहे. आमच्या गावची रीत अशी की ज्याला आवतन दिलं त्याला पुढच्या पोळ्यापर्यंत दावणीवरून काढायचं नाही. विकायचा असेल तो बैल आवतनाच्या आधी विका, किंवा त्याच्या कानाशी जाऊ नका. बाचा चुलतभाऊ शामरावकाका आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, मी बाजारात जाऊन राह्यलो न पोळा झाल्यावर. जातो घेऊन नवश्याले. पण आवतन नको देऊ त्याले. एकडोळ्या बैल वरीसभर बांधून का पूजा करतं त्याची?"

एका डोळ्याचा बैल बाजारात कोण घेतो आणि कशाला घेतो, ते त्या ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. माय आतून म्हणाली, "फूल जाते की नाई, ते तरी आधी पाहा." बा म्हणाला, "कोन पाहीन? तू डाक्टर आहेस का?"

मी म्हणालो, "डोळ्याचा फोटो काढतो. आदिलाबादले नेऊन डाक्टरले दाखवतो. तो सांगन बरा होते का नाई."

शामरावकाका इतका हसला की त्याच्या तोंडातला विडा बाहेर आला. "अरे वा! डाक्टर फोटूले मलम लावन!"

बा हसला नाही. माझ्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "बैलाचा फोटू काढ. माझा काढशीन तर कॅमेरा इहिरीत टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन यायची वाट पाहत बसलो. पोळ्याच्या दिवसांत आमच्याकडं ऊन म्हणजे पाहुणा. आलं तर क्षणभर ओट्यावर बसतं आणि उठून जातं. तिन्ही चकत्या चढवल्या होत्या. त्या लावल्या की उजेड फार लागतो, नाहीतर डोळ्याच्या केसाएवढंच स्पष्ट येतं आणि बाकी सगळं पिठल्यासारखं. गोठ्याच्या दारात नवश्याला आणला. ऊन त्याच्या पाठीवर पडत होतं, डोळा सावलीत. मी म्हणालो, "बा, परात आन मोठी." मायची पितळेची परात चिंचेनं घासलेली होती. बा ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला, ऊन तिच्यावर पाडलं आणि तिथून डोळ्यावर. नवश्यानं मान झटकली.

"हो हो हो," बा म्हणाला. माणसांशी त्या आवाजात तो कधी बोलला नाही. "पोरगं पायते तुले. काई नाई करत. उभा राय, राजा."

बा गुडघ्यावर टेकला, परात खाली-वर करून उजेड बरोबर जागी आणला. मी कॅमेरा जवळ नेला, श्वास धरला. आत काळं पाणी दिसलं. तसं काळं मी अजून पाहिलेलं नाही. त्या काळ्यावर ढगाचा एक तुकडा तरंगत होता, तेच फूल. मी तीळभर पुढं गेलो, तीळभर मागं आलो. ढग जाड होई, पातळ होई. मग एकदम त्या काळ्या पाण्याच्या तळाशी काहीतरी चमकलं, इतकं बारीक आणि इतकं लख्ख, की बोट आपोआप दाबलं गेलं. ऊन गेलं. रोलाचं शेपूट तिथंच संपलं.

त्याच दुपारच्या बसनं आदिलाबादला गेलो. राजन्ना ओरडला, "एमि रा, पोळ्याची सुट्टी दिली न तुला?" मी सांगितलं तेव्हा त्यानं स्वतः अंधाऱ्या खोलीत माझ्यासाठी पाणी भरून ठेवलं. कागद औषधात टाकला. मला ते कधी जुनं झालं नाही, पांढऱ्यातून काहीतरी यायला लागतं ते. आधी पापण्यांचे केस आले, गवतासारखे, कडेला विरघळलेले. मग काळं आलं. फूल आलं, पण कसं? पहाटे नदीवर धुकं असतं तसं, कडा नसलेलं. डोळ्याच्या वरच्या पापुद्र्यावर नेम धरायचा, तो मी चुकून आतल्या प्रतिबिंबावर धरला होता. म्हणून फूल धुरकट आलं होतं, आणि त्या धुक्याच्या मागं, बुबुळात, सुईनं कोरल्यासारखी दोन माणसं स्पष्ट आली होती. एक वाकडा कॅमेरा तोंडाशी धरलेला पोरगा. त्याच्या शेजारी, गुडघ्यावर टेकलेला, हातात सूर्याएवढी परात धरलेला, वर पाहणारा बा. मागं गोठ्याचं दार धनुष्यासारखं वाकलेलं.

राजन्ना दिव्याखाली भिंग धरून पाहत राहिला. म्हणाला, "हा तर स्टुडिओतला फोटो रे. पडदा मी नाही लावला एवढंच."

डाक्टरसाहेब हैदराबादकडचे, भले माणूस. फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "ये तो आदमी का फोटो है जी. बैल की बीमारी किधर है?" मग समजावून म्हणाले, पांढरं आहे एवढं दिसतं, पण किती आत गेलंय ते यातून कळत नाही. त्यांनी मलमाची नळी दिली आणि पोळ्यानंतर येतो हेच पुन्हा सांगितलं. बरा होईल का, विचारलं तर खांदे उडवले. मी एवढा शहाणा फोटूवाला, बैल वाचवायला निघालो होतो, आणि परतीच्या बसमध्ये माझ्याकडं एक नळी आणि एक चुकलेला फोटो होता.

दुसऱ्या दिवशी दिवस उतरता उतरता घरी पोचलो तर खांदेमळणी सुरू झालेली. मायनं वाटीत हळद-तूप कालवलं होतं, घरभर तुपाचा वास. उद्याच्या पुरणाची डाळ चुलीवर रटरटत होती. हौश्याचे खांदे चमकत होते, त्याला आवतन दिलेलं होतं. नवश्याचे खांदेही मळून झाले होते. बा त्याच्यापाशी उभा होता, हात पिवळे, पण कानाशी गेला नव्हता. शामरावकाका ओट्यावर विडा लावत होता.

"काय म्हनला डाक्टर?" बानं विचारलं.

"मलम दिलं. सांगता येत नाई म्हनला."

"मी म्हनलं नव्हतं?" काका म्हणाला.

"आन फोटू?" बा म्हणाला.

मला तो दाखवायचा नव्हता. फूल नीट आलं नाही, असं म्हणून मी पिशवी मागं सरकवली. पण मायनं ती माझ्या हातातून घेतली, फोटो काढला, चुलीच्या उजेडात धरला, आणि एकदम पदर तोंडाशी नेला. "अवो," ती म्हणाली, "तुमी."

बानं हात धोतराला पुसले. फोटो दोन बोटांनी कडेला धरला, जसा तो देवाचा प्रसाद धरायचा. बराच वेळ त्याला कळलं नाही. मग मायनं बोट दाखवलं. मी कॅमेरा विहिरीत पडायची वाट पाहत होतो.

"मी इतका वाकलो का बे?" तो म्हणाला.

त्यानं फोटो आणखी जवळ नेला.

"आन हे डोळ्यात हाये? त्याच डोळ्यात? फुलाच्या डोळ्यात?"

"हो," मी म्हणालो. "पन बा, ते..."

"मंग त्याले दिसते न!" बा काकाकडं वळून म्हणाला. "पाय. मी दिसून राह्यलो त्याले. परात दिसून राह्यली. पोरगा दिसून राह्यला. फूल पडलं तरी दिसते त्याले."

आता मला ठाऊक होतं की तो आरसा आहे. काचेच्या गोटीतही तसंच दिसलं असतं, पाणी भरलेल्या तांब्यातही. डोळ्यावर काय पडतं आणि डोळ्याला काय दिसतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी राजन्नाकडं शिकलो होतो. "बा, ते वरून चमकते फक्त," मी सुरू केलं, आणि मायनं माझा दंड असा दाबला की तिच्या बोटांचे वळ उठले. शामरावकाकानं फोटो घेतला आणि डोळे बारीक केले. "दिसते बा खरंच," तो म्हणाला. "तू दिसतं. थोडा म्हातारा दिसतं."

"तू कोनता जवान आहेस?" बा म्हणाला. मग तो नवश्याच्या त्या फुटक्या घाटीपाशी वाकला, उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये." हळू म्हणतात सगळे. तो मोठ्यानं म्हणाला, ओट्यावर ऐकू जाईल असं.

तो फोटो आज माझ्या घरात आहे. पाहुणे येतात, म्हणतात, हे काय, बैलाचा डोळा कुणी फ्रेम करतं का? मी म्हणतो, जवळ जा. अजून जवळ. बऱ्याच जणांचं जवळ म्हणजे हातभर असतं, त्यांना मी तसंच परत पाठवतो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सगळे बैल पैनगंगेवर न्हायला निघाले. सगळं गाव, घाटी, पोरं, कुणाच्या शिंगांना रंग लागलेला, आभाळ उघडलेलं. लोक म्हणाले, फोटूवाल्या, कॅमेरा आन, आमच्याही बैलाचे डोळे काढ. कॅमेरा मी घरी ठेवला होता. बा हौश्याला घेऊन पुढं गेला. नवश्याचा कासरा माझ्याकडं. बैल धरणारा माणूस नेहमी डाव्या अंगानं चालतो, मी उजव्या अंगानं चाललो. एक हात त्याच्या मानेवर ठेवला आणि बोलत राहिलो, काहीतरी, राजन्नाच्या शिव्या, बसचं तिकीट, अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा. उजवीकडून पोरगं धावत आलं की नवश्याचं अंग थरथरायचं, आणि मी हात दाबला की थांबायचं. नदीच्या उतारावर तो घुटमळला. मी आधी पाण्यात उतरलो, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, आणि हात पाण्यावर आपटला, इथं पाणी आहे हे त्याला ऐकू यावं म्हणून. मग तो आला.

पलीकडून बा ओरडला, "त्या अंगाले काऊन उभा हायेस बे? त्याले दिसते म्हनलं न!"

"हो बा, दिसते," मी म्हणालो, आणि तिथंच उभा राहून त्याची मान घासायला घेतली.